दिल्लीदर्शन : दिवाणे-खासचे छत

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहून द्यावे, असा आग्रह संपादक मंडळींनी धरला. आम्ही पडलो निवृत्त शिक्षक. शिक्षण जुन्या भाषेत सांगावयाचे तर मॅट्रिकपुरते. संशोधनाचा अधिकार आम्हांस नाही. तथापि मुलांस इतिहास शिकविण्यात तेहेतीस वर्षे गेली, आणि त्या तेहेतीस वर्षांत जी एक गोष्ट आम्ही वर्गात कधी सांगितली नाही, ती गेल्या हिवाळ्यात दिल्लीच्या लाल किल्ल्यात आमच्या नातीने आम्हांस विचारली. ती हकीकत ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अलीकडे आपल्या पुष्कळ कुटुंबांचे दिल्लीस जाणे होते. कोणी काशीयात्रेच्या वाटेवर उतरतात, कोणाची मुले तेथे नोकरीस आहेत. परत येताना प्रत्येकाजवळ शेकड्यांनी छायाचित्रे असतात. पूर्वी छत्तीस चित्रांची एक फीत घरातील साऱ्या सणांस पुरवावी लागे. आता हातातील मोबाईलने एका मिनारापुढे छत्तीस चित्रे निघतात. यात वाईट काही नाही. परंतु घरी आल्यावर ती चित्रे दाखविताना ‘हे कुठले हो?’ असे विचारले की उत्तर येते, ‘असेच काहीतरी जुने आहे.’ हे उत्तर आमच्यातील शिक्षकास टोचते.

आम्ही, घरची मंडळी, मुलगा, सून आणि आठवीत शिकणारी नात असे पाच जण नाशिकहून पंजाब मेलने निघालो. चित्रे काढण्याचे काम अर्थातच नातीकडे होते. प्रत्येक चित्राची तारीख व स्थळ वहीत लिहून ठेवावयाचे, ही अट आम्ही घातली. तिने नाक मुरडले, पण वही घेतली.

पहिल्या दिवशी आम्ही इंडिया गेटपाशी गेलो. दिल्लीस राजधानी आणण्याची घोषणा १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात झाली, आणि नव्या राजधानीचे उद्‌घाटन फेब्रुवारी १९३१मध्ये झाले. त्याच महिन्यात ही ४२ मीटर उंचीची कमान पुरी होऊन खुली झाली. तिचा आराखडा लुट्येन्स या शिल्पज्ञाचा. पहिल्या महायुद्धात व सरहद्दीवरील लढायांत पडलेल्या तेरा हजारांहून अधिक सैनिकांची नावे तिच्या दगडावर कोरलेली आहेत. नातीने कमानीचे चित्र काढले, मागील छत्रीचे काढले. तेव्हा आम्ही तिला म्हणालो, ‘या जागेचे चित्र कोणत्या वर्षी काढले, हे लिहिल्याशिवाय त्यास अर्थ नाही.’

ते खरेच आहे. सन १९६८पूर्वीच्या चित्रात त्या छत्रीखाली बादशहा पाचवे जॉर्ज उभे दिसतात. त्या साली तो पुतळा हलविण्यात आला. पुढे तो कॉरोनेशन पार्कमध्ये ठेवण्यात आला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ छत्री रिकामीच होती. सप्टेंबर २०२२मध्ये तेथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा काळ्या पाषाणाचा पुतळा आला. कमानीखालील अमर जवान ज्योती १९७२च्या प्रजासत्ताकदिनी लोकार्पित झाली, आणि २१ जानेवारी २०२२ रोजी ती शेजारच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली. जागा तीच, कमान तीच. पण तीन पिढ्यांच्या तीन चित्रांत तीन निरनिराळ्या गोष्टी दिसतात. तारखेविना त्यांचा उलगडा व्हावा कसा?

दुसऱ्या दिवशी कुतुबमिनार पाहिला. आमचे थोरले काका रेल्वेत होते. सवलतीच्या पासावर ते दिल्लीस जाऊन आले, त्या वेळचे त्यांचे एक चित्र आमच्या घरी आहे. मिनाराजवळच्या लोहस्तंभास पाठ टेकून, हात मागे नेऊन, त्यास कवेत घेण्याचा प्रयत्न ते करीत आहेत. मागे हात मिळाले तर मनोरथ पुरा होतो, अशी तेव्हा समजूत होती. चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिले आहे : ‘दिल्ली, लोहस्तंभ, १९६२. हात पुरले नाहीत.’ एवढ्याशा ओळीमुळे ते चित्र आजही बोलते. सोळाशे वर्षांच्या आसपास वय असलेला, सात मीटरहून अधिक उंचीचा, सहा टनांहून जास्त वजनाचा हा गुप्तकालीन स्तंभ उन्हापावसात फारसा गंजला नाही. माणसांच्या हातांनी मात्र तो झिजू लागला, म्हणून १९९७मध्ये त्याभोवती कुंपण घातले गेले. काकांसारखे चित्र आता कोणास काढता येणार नाही.

मिनार सुमारे ७२ मीटर उंच आहे. कुतुबुद्दीन ऐबकाने तो आरंभिला, अल्तमशाने पुढे नेला, आणि वीज पडून वरचा भाग मोडल्यावर फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात त्याची डागडुजी करून वरचे मजले बांधले. नातीने विचारले, ‘आजोबा, वर का जाऊ देत नाहीत?’ आम्हांस उत्तर ठाऊक होते, पण ते सांगावयास जड गेले. ४ डिसेंबर १९८१ रोजी आतील दिवे गेले, अरुंद जिन्यात चेंगराचेंगरी झाली आणि ४५ माणसे मेली. त्यांत बहुतेक शाळेची मुले होती. तेव्हापासून जिना लोकांस बंद आहे. आम्ही त्या वेळी नुकतेच नोकरीस लागलो होतो. वर्तमानपत्रातील ती बातमी वाचल्यापासून सहलीस नेलेली मुले मोजण्याची जी सवय लागली, ती निवृत्त होईपर्यंत सुटली नाही. नातीने त्या बंद दाराचेही एक चित्र काढले, आणि आम्ही न सांगता वहीत तारीख लिहिली.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते आवश्यक आहे. दिल्लीची स्मारके टिपून ठेवण्याचे काम आजचे नव्हे. सर सय्यद अहमद खान यांनी १८४७मध्ये ‘आसारुस्सनादीद’ हा उर्दू ग्रंथ काढला. त्यात दिल्लीतील इमारतींची वर्णने आणि शंभरावर चित्रे होती. कुतुबमिनाराच्या उंच भागावरील लेख वाचण्यासाठी ते टोपलीत बसून स्वतःस वर टांगून घेत, असे त्यांचे चरित्रकार हाली सांगतात. त्यानंतर दहाच वर्षांनी १८५७चा उठाव झाला. दिल्ली परत घेतल्यावर इंग्रजांनी लाल किल्ल्यातील पुष्कळसे महाल व दालने पाडली आणि तेथे गोऱ्या शिपायांच्या बराकी उभारल्या. उठावापूर्वीची दिल्ली ज्यांस पाहावयाची असेल, त्यांस त्या ग्रंथाचा केवढा आधार! १८५८मध्ये फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार दिल्लीस आला. तोफांच्या माऱ्याने फुटलेला काश्मिरी दरवाजा त्याने टिपला. आणि १६ ऑगस्ट १९४७ रोजी पंडित नेहरूंनी लाल किल्ल्यावर प्रथम राष्ट्रध्वज उभारला, तो सोहळा टिपणाऱ्यांत होमाई व्यारावाला होत्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या पारशी बाई आपल्या देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. कोणी टोपलीत बसून, कोणी जड पेटी खांद्यावर वाहून हे काम केले. आपल्या खिशात ते साधन आयते आले आहे.

आता लाल किल्ल्याकडे वळू. सोमवारी किल्ला बंद असतो, ही माहिती आधी काढावयास हवी होती. ती न काढल्याने आमचा पहिला हेलपाटा व्यर्थ गेला. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. शहाजहानने १६३९मध्ये हा किल्ला बांधावयास घेतला आणि १६४८मध्ये तो पुरा झाला. लाहोरी दरवाजातून आत शिरून, छत्ता बाजार ओलांडून, नौबतखान्याखालून आम्ही दिवाणे-आममध्ये आलो आणि तेथून दिवाणे-खासला पोहोचलो. संगमरवरी खांब, त्यांवरील रंगीत दगडांची फुले, आणि कमानींच्या वरच्या अंगास ती सर्वज्ञात फारसी ओळ, जिच्यात या स्थानास स्वर्गाची उपमा दिली आहे. येथेच मयूरासन होते. ते १७३९मध्ये नादिरशहाने नेले. हे सर्व आम्ही नातीस मोठ्या उत्साहाने सांगत होतो.

शेजारी एक वाटाड्या दुसऱ्या मंडळींस माहिती देत होता. त्याने वर बोट दाखविले आणि हिंदीत सांगितले की हे छत आज लाकडाचे आहे, पण पूर्वी येथे चांदीचे छत होते, ते मराठ्यांनी उतरवून वितळविले. ती मंडळी वर पाहू लागली. आमची नात मात्र आमच्याकडे पाहू लागली.

‘आजोबा, हे खरं आहे?’

त्या क्षणी आमच्या मनात काय आले, ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ‘छे, उगीच सांगतात हे लोक,’ असे म्हणून टाकावे, असे आले. ओठांपर्यंत आले. पण गोष्ट खरी आहे, हे आम्हांस चांगले ठाऊक होते. आम्ही म्हणालो, ‘होय, खरे आहे.’ त्यावर दुसरा प्रश्न आला, ‘मग तुम्ही शाळेत शिकवायचात हे?’ आणि या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

वस्तुस्थिती अशी. सदाशिवरावभाऊ दक्षिणेतून मोठी फौज घेऊन निघाले आणि ऑगस्ट १७६०च्या आरंभी त्यांनी दिल्ली घेतली. फौजेबरोबर बुणगे होते, बायकामुले होती, यात्रेकरू होते. उत्तरेतील मामलतींचा वसूल येईना, पुण्याहून पैका पुरेसा पोहोचेना, शिपायांचे पगार तुंबले, माणसांस व घोड्यांस पोटास मिळेना. नादिरशहाच्या स्वारीनंतर आणि १७५७च्या अब्दालीच्या लुटीनंतर दिल्लीही कंगाल झाली होती. अशा अडचणीत भाऊंनी दिवाणे-खासच्या छताचे रुपे काढविले आणि त्याचे नाणे पाडून फौजेस वाटले. त्याने फार दिवस निभावले नाही. त्याच सुमारास सुरजमल जाट मराठ्यांची साथ सोडून गेला, आणि त्याच्या नाराजीच्या कारणांत या छताचेही नाव घेतले जाते. पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय झाले, ते महाराष्ट्रात लहान मूलही जाणते.

आम्ही सातवीस पानिपत शिकवीत असू. विश्वासरावांस गोळी लागते, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसतात आणि गर्दीत दिसेनासे होतात, येथे आमचा गळा दाटून येई आणि मुलांचे डोळे भरून येत. तो भाग आम्ही मन लावून शिकवीत असू. छताचा भाग गाळीत असू. पुस्तकात नव्हता हे खरे. पण पुस्तकात नसलेल्या दहा गोष्टी आम्ही हौसेने सांगत होतो, मग हीच का सांगितली नाही? कारण ती सांगितली असती, तर नादिरशहाने मयूरासन नेले हे सांगताना जो आवेश येई, तो थोडा उतरला असता.

याचा अर्थ दिल्लीतील मराठ्यांचा इतिहास एवढाच आहे, असा कोणी घेऊ नये. नातीस आम्ही तेथेच दिवाणे-खासच्या पायरीशी उभे राहून दुसरीही बाजू सांगितली. मार्च १७३७च्या अखेरीस पहिले बाजीराव बादशाही फौजांस चुकवून अकस्मात दिल्लीपुढे येऊन ठाकले. शहर लुटणे व जाळणे त्यांच्या हाती होते. पण बादशहाची राजधानी उद्ध्वस्त करण्यात लाभ नाही, त्याने राजकारण तुटेल, असा विचार करून त्यांनी हात आवरला. चिमाजी आप्पांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे स्वतःच कळविले आहे. १७७१मध्ये महादजी शिंदे आदी सरदारांनी दिल्ली घेतली, आणि परागंदा झालेला शहाआलम बादशहा पुढच्या वर्षी मराठ्यांच्या आश्रयाने आपल्या राजधानीत परतला. १७८८मध्ये गुलाम कादिराने याच किल्ल्यात त्या वृद्ध बादशहाचे डोळे काढले. त्या वेळी महादजींच्या फौजेने दिल्ली सोडविली आणि आंधळ्या बादशहास पुन्हा गादीवर बसविले. त्यानंतर ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या पलटणींचा पराभव करीपर्यंत दिल्लीवर मराठ्यांचा अंमल होता.

या अंमलाच्या खुणा आज कोठे दिसतात? बाजीरावांच्या फौजेचा तळ ज्या तालकटोऱ्याजवळ पडला होता, तेथे आता बाग आणि क्रीडागृह आहे. त्याच तालकटोरा क्रीडागृहात फेब्रुवारी २०२५मध्ये ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. याआधी दिल्लीत संमेलन भरले होते ते १९५४मध्ये, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली. पटपडगंजच्या लढाईचा स्मारकस्तंभ नोएडातील गोल्फच्या मैदानात उभा आहे. परंतु तो इंग्रजांनी आपल्या विजयासाठी उभारलेला. शहाजहानचे बांधकाम दिल्लीत आहे, तुघलकांचे आहे, सवाई जयसिंगांनी १७२४मध्ये उभारलेले जंतरमंतर आहे. बाजीराव, भाऊ, महादजी यांच्या नावाने दाखवावी अशी तोलाची इमारत मात्र आम्हांस तेथे कोठे आढळली नाही. मराठ्यांचे बांधणे घरच्या बाजूस झाले. भाऊंनी दिल्लीचा बंदोबस्त ज्या नारोशंकरांवर सोपविला होता, त्यांचे सुंदर देऊळ पंचवटीत गोदाकाठी आम्ही लहानपणापासून पाहत आलो. १७४७ सालचे ते देऊळ, आणि त्यावरील ती वसईच्या विजयाची आठवण सांगणारी घंटा. त्या देवळाच्या पायरीवर बसून आम्ही शेंगदाणे खाल्ले; पण त्याच्या धन्याने लाल किल्ला सांभाळला होता, हे शाळेत आम्हांस कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही पुढे कोणास सांगितले नाही.

हे सारे ऐकून नात काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे आपण राखलंही आणि मोडलंही.’ आम्ही म्हणालो, ‘होय, दोन्ही. आणि दोन्ही लिहून ठेवावयाचे.’ तिने मोबाईल उभा धरला आणि त्या लाकडी छताचे चित्र काढले. १९११मध्ये रंगविलेले ते छत आहे. त्या दिवशी शेकडो लोक दिवाणे-खासची चित्रे काढीत होते, पण कमानींपुढे स्वतः उभे राहून. वर क्वचितच कोणी पाहत होते. नातीच्या वहीत त्या चित्रापुढे जी ओळ आहे, ती आम्ही सांगितलेली नाही. तिने लिहिले आहे : ‘दिवाणे-खास. इथे चांदीचं छत होतं. १७६० साली आपल्या लोकांनी काढलं, कारण सैन्य उपाशी होतं. आजोबांनी खरं सांगितलं.’ शेवटचे वाक्य खोडावे, असे आम्ही सुचविले. तिने खोडले नाही.

आता चार शब्द आपल्या मंडळाविषयी. मंडळाच्या कपाटात जुन्या छायाचित्रांचा एक गठ्ठा आहे. स्मरणिकेसाठी काही सापडते का, म्हणून यंदा तो सोडला. अधिवेशनांची चित्रे, विद्यार्थी वसतिगृहाची चित्रे, पागोटी व काळ्या टोप्या घातलेल्या पंचवीस-तीस मंडळींच्या दोन ओळी. किती तेजस्वी चेहरे! त्यांतील दोन-तीन चित्रे सोडली, तर एकाही चित्राच्या पाठीवर नाव नाही, साल नाही. या चेहऱ्यांत कोणाचे पणजोबा आहेत, कोणी आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी वर्गणी जमविली, आणि त्यांचेच एकमेकांशी कोणत्या कारणाने बिनसले, हे सांगणारी माणसे एकेक करून गेली. दिवाणे-खासच्या छताची हकीकत अडीचशे वर्षांनंतरही कळते, कारण त्या काळी कोणीतरी ती लिहून ठेवली. आपल्या वडीलधाऱ्यांची हकीकत साठ वर्षांत पुसली गेली.

म्हणून ज्ञातीतील प्रत्येक कुटुंबास आमची विनंती आहे. दिल्लीस जा, अवश्य जा, चित्रे काढा. पण प्रत्येक महत्त्वाच्या चित्रापुढे स्थळ, दिवस आणि तेथे काय घडले, एवढे तीन शब्द मुलांच्या हातून लिहवून घ्या. आणि घरातील जुनी चित्रे एकदा काढून, जे सांगू शकतात त्या वृद्धांपुढे ठेवा. त्यांनी सांगितलेले नाव चित्राच्या पाठीवर हलक्या पेन्सिलीने लिहा. सांगताना एखादी गोष्ट कुळाच्या अभिमानास बाधणारी निघाली, तर तीही लिहा. आपले पूर्वज देव नव्हते. अडचणीत सापडलेली, कधी थोर, कधी चुकणारी माणसे होती. त्यांस तसेच ओळखल्याने आपले प्रेम कमी होण्याचे कारण नाही.

मंडळाचा तो गठ्ठा सध्या आमच्या घरी आहे. येत्या संक्रांतीच्या मेळाव्यात आम्ही तो टेबलावर मांडून ठेवू. ज्यांना कोणी ओळखू येईल, त्यांनी आवर्जून यावे. पेन्सिली आम्ही आणू.